शुभेच्छुकांच्या ओळीतले बाबा

सहा वर्षांच्या नोकरीत मनिषाला एक गोष्ट पक्की कळली होती. पान कितीही देखणं मांडा, लोक त्यात फक्त आपलं तोंड शोधतात. ते सापडलं की पान चांगलं, नाही सापडलं की मनिषा बिनडोक.

पनवेलच्या एसटी स्टँडमागे, झेरॉक्सच्या दुकानावर कमळाकरशेठचं ऑफिस होतं. दोन कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा पंखा आणि एक न्यूज पोर्टल. शेठ बातम्या आणायचे, त्याहून जास्त जाहिराती आणायचे, आणि हे सगळं एका पानात कोंबायचं मनिषाने. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहावा लागत नसे. वाचणाऱ्याला पान जसं दिसणार तसंच समोर दिसायचं. माउसने चौकट ओढायची, तिच्यात फोटो सोडायचा, झालं. म्हणायला झालं. जाहिरात बोटभर वाढवली की बातमी खाली घसरायची, आणि शेठ बोटभरावर कधी थांबले नाहीत.

आज भाऊंचा वाढदिवस होता. भाऊ म्हणजे तालुक्याचे पुढारी. वर हात जोडलेले भाऊ आणि त्यांच्याखाली चाळीस शुभेच्छुक, दहा-दहाच्या चार ओळींत. प्रत्येकाचा फोटो, नाव, गाव, मोबाइल. कोणाचा गॉगल, कोणाची चेन, कोणाचं दोन्ही. मनिषा सकाळपासून तोंडं कापून सारखी करत होती.

आणि तिचे वडील चार दिवसांपासून घरी आले नव्हते.

बळीराम घरत, विचुंब्याचे. शेतांवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या तशा त्यांच्या ओळखीच्या खुणा गेल्या, आणि मागोमाग डोक्यातल्याही जायला लागल्या. सोमवारी सकाळी 'आलोच' म्हणून बाहेर पडले ते पडलेच. पोलिसांत तक्रार झाली. मनिषाचा सख्खा भाऊ प्रणित मोटारसायकलवरून दवाखाने आणि स्टेशनं पालथी घालत होता. मनिषा ऑफिसला आली ती पोर्टलच्या आशेने. शेठनी शब्द पाळला होता. 'बेपत्ता' म्हणून बातमी लावली होती, पण पानाच्या तळाशी, सोफ्यांच्या, क्लासेसच्या आणि विचुंब्यातल्या फ्लॅटच्या जाहिरातींच्याही खाली. दोन दिवसांत दोन फोन आले. दोघांनाही फ्लॅट बघायचा होता.

"शेठ, आजच्या दिवस बाबांचा फोटो वर घेऊ का?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला, इतका दमलेला.

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी डोकं खाजवलं. "अगं, भाऊंच्या वाढदिवशी शेजारी 'बेपत्ता'? बरं दिसतं का ते? उद्या घेऊ. नक्की घेऊ."

हे उत्तर तिला ठाऊकच होतं. तरी तिने विचारून पाहिलं होतं.

अकराच्या सुमाराला शेठना फोन आला. तिसऱ्या ओळीतला गुरुदत्त रातोरात दुसऱ्या पार्टीत गेला होता, त्याला काढा. मनिषाने काढला. खण रिकामा होताच पुढचे फोटो पटापट डावीकडे सरकले. नावं मात्र जागच्या जागी राहिली. शिरढोणच्या भगवानच्या नावावर करंज्याच्या मिथुनचं तोंड आलं.

"अरे देवा! टाक काहीतरी तिथे," शेठ बूट घालत म्हणाले. "गुलाब टाक. मी केक कापायला चाललोय, तू पान चढवून दे."

जिना उतरल्याचा आवाज थांबला. मनिषाने गुलाबाचं चित्र शोधायला फोल्डर उघडलं आणि आधी सापडले बाबा. पुतणीच्या लग्नातला फोटो, डोक्याला फेटा, कपाळाला टिळा, चेहऱ्यावर उगाच मोठेपणा. कोणीही म्हणालं असतं, भाऊंचा जुना कार्यकर्ता. ती दोन मिनिटं नुसती बघत बसली. मग तिने तो फोटो उचलून गुरुदत्तच्या जागी सोडला. पुढचे फोटो आपापल्या नावांवर परत सरकले. खाली लिहिलं: बळीराम घरत, विचुंबे. आणि मोबाइल स्वतःचा. नोकरी जाईल, हे तिला कळत होतं. पण घाबरायलाही अंगात त्राण लागतं, ते तिच्यात उरलं नव्हतं. तिने पान चढवलं.

दोन वाजता फोन वाजला.

"ओ, मी भगवान बोलतंय, शिरढोनवरना. हा नंबर त्या बळीराम घरतचा हाय ना?"

"हो. बोला."

"बोला काय? माज्या बाजूला तुमी कोनाला बसवलाय? हा म्हातारा भाऊंचा मानूस नाय. हा तीन दिस आमच्या देवलात बसलाय. आमीच त्याला जेवन देतोय. नाव सांगत नाय, गाव सांगत नाय, आनि शुभेच्छुक कसा झाला?"

मनिषाने पर्स उचलली. "ते माझे वडील आहेत," ती म्हणाली. "खाली बेपत्ताची बातमी होती दोन दिवस. तुम्ही पाहिली नाहीत?"

भगवान ओशाळून म्हणाला, "खाली कोन जातंय, ताई?"

ती रडली ती रिक्षात. प्रणितला फोन करतानाही हुंदका आवरेना.

देवळाच्या ओट्यावर बाबा चहाचा ग्लास धरून बसले होते. धोतर मळलेलं, दाढी वाढलेली, पण धडधाकट. मनिषा त्यांच्या शेजारी बसली. ऑफिसातली भाषा आपसूक गळून पडली.

"बाबा, घरी चला ना. आमी कवाशी शोधतोय तुमाला."

"थांब जरा," बाबा म्हणाले. "सखू म्हायेरी आलीय. तिला घेतो नि जाव."

सखूबाई, मनिषाची आई, शिरढोणची; माहेरचं तिथे आता कोणी उरलं नव्हतं. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती. बाबा तिला न्यायला विचुंब्याहून चालत आले होते.

भगवान तिथेच उभा होता. त्याने आपला नवा मोबाइल काढला, पान उघडलं आणि बाबांच्या पुढ्यात धरलं. "बघा बाबा, तुमचा फोटू! कसा झाक आलाय, फेट्यामधी."

बाबांनी ग्लास खाली ठेवून मोबाइल हातात घेतला. ते एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेले. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसरीत स्वतःच्या फोटोवर बोट आलं, ते तिथे थांबलं नाही. भगवानवरून, मिथुनवरून पुढे चौथ्या ओळीच्या टोकाला गेलं. मग त्यांनी मान वर केली.

"यात सखू कुठं हाय?"

मनिषाने त्यांच्या हातातून मोबाइल घेतला आणि भगवानला परत दिला.