पाठ कोण बघतं?

मी एक जुना पोशाख आहे. तोही साधासुधा नाही, लग्नाचा. पण मित्रांनो, शेकडो नवरीमुलींच्या अंगावर चढूनही लग्न म्हणजे काय ते मी कितीतरी वर्षे पाहिलेच नव्हते. माझी ही गोष्ट रागाची आहे. राग वाईट असतो असे तुम्हाला शाळेत शिकवतात. शिकवू देत. आधी गोष्ट ऐका, मग ठरवा.

माझा जन्म एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. तिथे एक खिडकी, एक शिवणयंत्र आणि दिवसभर तापलेली इस्त्री होती. मला घडवले ते टाकेमावशींनी. त्यांचे खरे नाव दुकानात कोणी घेत नसे. मोतिया रंगाचे कापड मांडीवर घेऊन त्या महिनोन्महिने माझ्यावर वेलबुट्टी काढत बसत. त्यांची छोटी लेक चिमणी शेजारी चिंध्यांचे घर मांडून खेळत असे. एके दिवशी तिने हट्टाने सुई घेतली आणि माझ्या घेराच्या आतल्या बाजूला निळ्या दोऱ्याचा एक वाकडातिकडा टाका घातला. मावशींनी तो उसवला नाही. "राहू दे, ही तुझी सही," त्या म्हणाल्या.

मी तयार झालो तेव्हा मालक दोन्ही हात कमरेवर ठेवून माझ्याकडे पाहतच राहिला. या मालकाच्या जिभेवर सदा साखर असे.

"मावशी, जिंकलंत!" तो म्हणाला. "तुमच्या चिमणीच्या लग्नात हाच पोशाख. अगदी माझ्याकडून भेट. हा माझा शब्द."

चिमणीने टाळ्या पिटल्या. मीही मनातल्या मनात पिटल्या. आपण कोणासाठी जन्मलो आहोत हे इतक्या लवकर कळण्याचे भाग्य फार थोड्या कपड्यांना मिळते.

मग मी दर्शनी काचेत उभा राहिलो. येणारे जाणारे थबकू लागले. मुली आयांचा हात ओढून आत येऊ लागल्या. आणि तिथेच माझी दशा सुरू झाली, कारण मालकाने मला विकले नाही, नमुना केले. नमुना म्हणजे काय ते सांगतो. मला मुद्दाम ऐसपैस शिवले होते, म्हणजे मी कोणाच्याही अंगात शिरावे. मुलगी बारीक असली की मालक माझे जादा कापड पाठीमागे गोळा करी आणि त्याला लोखंडी दातांचे चिमटे लावी. पुढून आरशात पाहिले की मी असा बसलेला दिसे, जणू तिच्यासाठीच बेतला आहे. मुलगी हरखून जाई. तिची आई डोळे पुसे. मागणी नोंदवली जाई, आणि माझ्यासारखा दुसरा पोशाख हलक्या कापडात शिवून तिच्या घरी जाई. ते उपटसुंभ लग्नात मिरवत आणि मी पुन्हा खुंटीला.

चिमट्यांच्या दातांनी माझ्या पाठीची चाळण झाली. टाकेमावशी एकदा म्हणाल्या, "मालक, मागचं कापड विरत चाललंय. बदलायला हवं."

"पाठ कोण बघतं?" मालक हसून म्हणाला आणि भोकांवर आतून चिकटपट्टी लावून मोकळा झाला. पुढे हे त्याचे पालुपदच झाले. चिमटा लावताना, पट्टी डकवताना, दरवेळी तेच, पाठ कोण बघतं?

मी सोसत राहिलो. एकेक विरलेला धागा दातओठ खाऊन धरून ठेवला. चिमणी मोठी होईल, मला न्यायला येईल, एवढ्यासाठी.

आणि ती आली! उंच, शेलाटी, आईसारखेच शांत डोळे. तिचे लग्न ठरले होते. मावशींनी मला तिच्या अंगावर चढवले. तिने घेर उलटा करून आत पाहिले, निळा टाका सापडला तशी खुदकन हसली. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या पाठीला चिमटे होते याचाही मला विसर पडला.

तेवढ्यात मालक आला. "अरे वा! पण मावशी, हा नाही हं. माझ्या लेकीला, आमच्या ताईला, हाच पसंत पडलाय. तिचंही लग्न जवळ आलंय ना."

"मालक, तुम्ही शब्द दिला होता," मावशी हळूच म्हणाल्या.

"शब्द?" मालकाने साखर पेरली. "अहो, ती बोलायची पद्धत असते. आणि हिच्याकडे बघा तरी! हा पोशाख पेलायला अंगात काही असावं लागतं. खुंटीवर टांगल्यासारखा दिसतोय. त्या कोपऱ्यातला एखादा बघा, कमी करून देतो."

चिमणीचा चेहरा पार उतरला. "आई, काढ," एवढेच ती बोलली. मावशी चिमटे काढू लागल्या, पण त्यांचे हात इतके थरथरत होते की एक चिमटा काही केल्या निघेना. आयुष्यभर ज्या हातांनी मला सरळ टाके घातले, ते हात मी प्रथमच असे पाहिले. त्याच वेळी मी ठरवले, या माणसाला सोडायचे नाही.

चार दिवसांनी मालकाची लेक आली. सोबत तिची होणारी सासू होती. ताईने मला घातले आणि मी चाट पडलो. मी तिला अगदी बरोबर बसलो. एकाही चिमट्याची गरज नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! गुमान राहिलो असतो तर मला लग्न पाहायला मिळाले असते. फुले, माणसे, दिवे, सगळे. खोटे कशाला बोलू, क्षणभर मोह झाला. पण मला ते थरथरते हात आठवले.

मालक फुशारला होता. दुकानात इतरही गिऱ्हाइके होती, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "विहीणबाई, आमचा माल असाच असतो. आतून बाहेरून एकसारखा!"

विहीणबाई व्यवहारी होत्या. त्यांनी ताईला न्याहाळले आणि म्हणाल्या, "छान आहे. पण दिवसभर काय उभीच राहणार का ग? जरा बसून दाखव बरं."

बसून! मित्रांनो, त्या दुकानात कोणी कधी बसत नसे. मुली चौथऱ्यावर उभ्या राहत, आरशात पाहत आणि उतरत. मालकाचा चेहरा एकदम पडला. "नको, नको, चुरगळेल," तो घाईने म्हणाला. पण ताई खुर्चीत टेकलीच.

मी काय केले? काहीच नाही. इतकी वर्षे जे धरून ठेवले होते, ते फक्त सोडले.

मानेपासून कमरेपर्यंत मी टरकन फाटलो. सगळे दुकान वळून बघू लागले. ताईच्या पाठीवर लोंबणाऱ्या चिकटपट्ट्या, भोके, ठिगळे, सगळा कारभार उघडा पडला. तिने रडत पडदा ओढला. तिचा काही दोष नव्हता हे मला ठाऊक आहे. तिच्यासाठी थोडे वाईट वाटले. थोडेच.

"वरून कीर्तन, आतून तमाशा!" विहीणबाई म्हणाल्या. "पोरीचे कपडे आम्ही दुसरीकडून घेऊ." आणि तिथे आलेल्या सगळ्या मुली आरशाला पाठ करून, माना वळवून, आपापल्या पाठी बघू लागल्या. मालकाला तोंड लपवायला जागा उरली नाही.

रागाच्या भरात त्याने मला पायाने सरकवले. "मावशी, ही चिंधी घेऊन जा! पाहिजे होती ना? घ्या!"

मावशींनी मला उचलले, झटकले आणि घडी करून छातीशी धरले. तो मूर्ख एक गोष्ट विसरला होता. चिमणी शेलाटी होती. तिच्यासाठी माझ्या पाठीचे जे कापड कापून टाकावेच लागणार होते, नेमके तेच फाटले होते.

मावशींनी ती चाळण कापून टाकली आणि जोडावर नवी वेल काढली. तशी वेल त्यांनी आयुष्यात दुसरी काढली नसेल. निळा टाका मात्र जागच्या जागी राहिला.

लग्नाला त्यांनी मालकालाही बोलावले. लोकलाजेस्तव तो आला. लग्नात नवरी पुढे असते आणि माणसे मागे बसतात, हे मला तिथेच कळले. चिमणी पुढे उभी होती, आणि माझी पाठ सगळा वेळ मालकाच्या डोळ्यांसमोर होती. शेजारची बाई त्याला कोपर मारून म्हणाली, "पाठीवरचं काम बघितलंत का? कुणाच्या हातचं हो?"

मालक पाणी प्यायच्या निमित्ताने उठला.

आता मी एका पेटीत सुखाने पडून आहे. मित्रांनो, कपडे जपा. फाटले तर वेळीच शिवा. आणि शब्द दिलात तर पाळा. कारण आम्ही मुकी माणसे पुष्कळ दिवस धरून ठेवतो, पण सोडतो तेव्हा चारचौघांत सोडतो.