मागच्या खोलीची भिंत

दुसरा पट्टा भिंतीवर अर्धा चिकटला आणि मास्तरांच्या अंगठ्याला लागलेली खळ थेट कागदाच्या तोंडावर उमटली. त्यांनी घाईघाईने ओल्या फडक्याने पुसली. पुसली म्हणजे पसरली. बोटभर डाग तळहाताएवढा झाला, आणि गवताचे ते बारीक बदामी धागे तेवढ्या जागी तेलकट काळे दिसू लागले. मास्तरांनी क्षणभर डागाकडे पाहिलं, मग पट्टा वरच्या टोकाला धरून टरकन ओढला, चुरगाळला आणि दाराबाहेर भिरकावला. तो बायकोच्या पायाशी जाऊन पडला.

"थोरले भाऊ आलेत," ती म्हणाली. पायाजवळच्या बोळ्याकडे तिने पाहिलंही नाही.

"बसू दे त्यांना."

चौतीस वर्षं मास्तरांनी गणवेशांच्या कारखान्यात कापड कापलं होतं. कटिंग मास्तर. साठ थर एकावर एक रचून ते एका दमात कापायचे आणि पहिल्या थराची बाही नि साठाव्या थराची बाही यांत सूतभर फरक पडायचा नाही. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी गल्लीत सगळ्यांचे ते मास्तरच होते. पण कापड टेबलावर आडवं पडलेलं असतं, सांगू तसं वागतं. भिंत उभी असते, आणि ही भिंत तर सरळही नव्हती. ओळंबा सोडला तेव्हा कळलं की कोपरा खाली येता येता दोन बोटं आत सरकलाय. घर बांधणाऱ्या गवंड्याचा त्यांनी सकाळपासून चार वेळा उद्धार केला होता.

कागद लेकीच्या आवडीचा होता. कागद म्हणायचं एवढंच. मागे पातळ कागद आणि त्यावर वाळल्या गवताचे, तागाचे धागे आडवे, एकाला एक लागून चिकटवलेले. लग्नाआधी ती पडद्यांच्या आणि वॉलपेपरच्या दुकानात कामाला होती. एकदा तिने नमुन्यांचं जाडजूड पुस्तक घरी आणलं, याच पानावरून बोटं फिरवत बसली आणि म्हणाली, माझं घर झालं की एक भिंत अशी करणार. सासरी तशी भिंत झाली नाही. तिथे तिच्या मनासारखं काहीच झालं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी ती दारात येऊन उभी राहिली. उजव्या हातात बॅग, डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. पडलीस का, असं आई विचारायला गेली आणि विचारता विचारता स्वतःच थांबली. मास्तर मागच्या खोलीत गेले आणि तिथलं सामान बाहेर काढू लागले. जुनं शिलाई मशीन, चिंध्यांची गाठोडी, मोडका पंखा, वर्षानुवर्षं कुणी न उघडलेली खोकी. दोन दिवसांत खोली रिकामी झाली. तिसऱ्या दिवशी ते लेकीच्या जुन्या दुकानात जाऊन उभे राहिले.

मालकिणीने सगळं नीट समजावलं. आधी साधा अस्तराचा कागद लावायचा, तो वाळला की मग हा. खळ मागच्या बाजूला, तोंडाला थेंबही लागता कामा नये. कापताना धागे फुटतात, म्हणून प्रत्येक कापाला नवं पातं. पट्टे कोणत्या दिशेने लावायचे हे ती सांगायला लागली तेव्हा मास्तरांनी तिला मध्येच तोडलं. कापडाचं उलटसुलट मला शिकवू नका, म्हणाले. मग तिने विचारलं, आमचा कारागीर पाठवू का. त्यालाही ते नाही म्हणाले. हे काम त्यांना स्वतःच करायचं होतं. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. हाताला काही काम नसलं की त्यांना जावयाचा चेहरा दिसायचा आणि दातावर दात घट्ट बसायचे.

लेकीला त्यांनी एका शब्दाने विचारलं नव्हतं. अस्तराचा कागद लागताना तिने दारातून पाहिलं, तीही काही बोलली नव्हती. तीन आठवडे बापलेकीत "जेवलीस का" आणि "हो" याच्यापलीकडे शब्द झाला नव्हता.

थोरले भाऊ बाहेर बसले नाहीत. ते सरळ मागच्या खोलीच्या दारात आले. वडील लवकर गेल्यावर त्यांनीच मास्तरांना वाढवलं, एकोणिसाव्या वर्षी कारखान्यात चिकटवलं, पुढे लग्न लावून दिलं. या घरात त्यांचा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता. लेकीचं स्थळही त्यांनीच आणलं होतं. एरवी भाऊ आले की मास्तर हातातलं टाकून उठायचे. आज ते शिडीवर होते आणि शिडीवरच राहिले.

भाऊंनी नेहमीसारखी शांतपणे सुरुवात केली. जावयाकडची माणसं भेटली होती. झाल्या गोष्टीचं त्यांना वाईट वाटतंय. रविवारी येतो, मानाने घेऊन जातो, असं त्यांनी सांगितलं. रागाच्या भरात एखाद्याचा हात उठतो, त्याचा एवढा बाऊ करायचा नसतो. घरोघरी काही ना काही असतंच. आणि जितके दिवस ती इथे राहील तितकी लोकांची तोंडं सुटतील. मास्तर पेन्सिलीने भिंतीवर खूण करत होते. ती खूण त्यांनी तीनदा गिरवली. मग भाऊंची नजर लावलेल्या पट्ट्यावर गेली.

"हे काय काढलंयस? चार दिवस माहेरी आलेल्या मुलीसाठी कुणी भिंती मढवतं का?"

"चार दिवस नाही. ती राहणार आहे इथे."

"कोणी ठरवलं?"

"मी." मास्तरांना स्वतःचा आवाज अनोळखी वाटला. "दोन वर्षांपूर्वी ती आली होती. तेव्हाही तुम्ही असेच दारात उभे राहून बोललात, आणि चौथ्या दिवशी मी तिला नेऊन पोचवलं. त्यांच्याकडे चहा प्यालो. सांभाळून घ्या म्हणालो. त्यांनी कसं सांभाळलं ते बाहेर जाऊन तिच्या हाताकडे बघा. रविवारी त्यांच्यातलं कुणी या दारात आलं तर मी त्याला उंबऱ्यावरूनच मागे ढकलीन. माझं नाव घेऊन सांगा त्यांना."

"कोणाशी बोलतोयस, भान आहे का तुला?"

"आहे."

भाऊंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "यापुढे मला कधी बोलावू नकोस," ते म्हणाले.

"आज तरी कुठे बोलावलं होतं?"

भाऊ गेले. बायकोने त्यांच्यासाठी केलेला चहा तसाच निवत राहिला. मास्तर शिडीवरून उतरले तेव्हा त्यांची छाती हलकी झाली होती. त्याच तिरमिरीत त्यांनी पुढचे दोन पट्टे लावले आणि नवल म्हणजे एकही डाग पडला नाही. पातं सर्रकन चाललं, कडा साफ आल्या. बाहेर लेकीने सगळं ऐकलं असणार, हे त्यांना ठाऊक होतं. आता ती येईल, असं त्यांना वाटत होतं. काय म्हणेल ते त्यांनी मनात ठरवलं नव्हतं, पण काहीतरी चांगलं म्हणेल.

ती आली. भिंतीसमोर उभी राहिली.

"प्रत्येक सांध्याला काळी रेघ दिसतेय," ती म्हणाली.

खरंच दिसत होती. कागदाची एक कड दुसरीपेक्षा जराशी गडद होती, आणि जिथे गडद कड फिक्या कडेला भिडली तिथे वरपासून खालपर्यंत गज लावल्यासारखी उभी रेघ उठली होती. मास्तरांनी ती पाहिली होती. पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

"वाळल्यावर जाईल," ते म्हणाले. "भाऊंना बोललो ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. दोन वर्षांनी का होईना, बोललात."

मास्तरांनी हातातला ब्रश बादलीत आपटला. खळीचे शिंतोडे जमिनीवर उडाले. "मग काय करू मी? खोली रिकामी केली. चार दिवस झाले, पाठ मोडून भिंतीशी झगडतोय. ज्यांच्यासमोर कधी मान वर केली नाही त्यांना घालवून दिलं. अजून काय करू, ते तरी सांग."

"मला खोली नको होती, बाबा. मला कागद नको होता." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता, आणि म्हणूनच स्वयंपाकघरातून आई दारापर्यंत आली. "त्या दिवशी त्यांच्या जिन्यात मी तुमची बाही धरली होती. नका सोडून जाऊ म्हणाले. तुम्ही माझी बोटं सोडवलीत. एकेक करून. वरून ते बघत होते, म्हणून हसत हसत सोडवलीत. त्या दिवसानंतर त्याला कळलं की हिला न्यायला कुणी येणार नाही."

मास्तरांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. ज्या बाहीला तिने धरलं होतं ती त्यांनी स्वतः बेतलेली, स्वतः कापलेली होती. परतीच्या बसमध्ये त्यांनी तिच्यावरच्या चुण्या हाताने सपाट केल्या होत्या आणि घरी येऊन बायकोला भलतंच सांगितलं होतं.

"तुम्ही तर म्हणाला होतात, रुळलीय आता ती, हसत होती," बायको म्हणाली. ती उत्तराला थांबली नाही. आत गेली. भाऊंचा निवलेला चहा मोरीत ओतल्याचा आवाज आला, मग कप आपटल्याचा.

मास्तर भिंतीकडे वळले. त्यांनी पहिल्या पट्ट्याचं वरचं टोक नखांनी सुटं केलं आणि मुठीत धरलं. सगळं खाली ओढायचं, रोलसकट बाहेर फेकायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

"हे मी खूप पाहिलंय," लेक मागून म्हणाली. "रागात फाडायचं आणि गोळा करायला दुसऱ्या कुणीतरी वाकायचं."

मास्तरांची मूठ तिथेच थांबली. एखाद्याने मानेवर गार पाणी ओतावं तसं त्यांना झालं. आजवर जावयाला मनातल्या मनात त्यांनी ज्या शिव्या दिल्या होत्या त्यांतली एक फिरून त्यांच्याच अंगावर आली होती, आणि ती चुकवायला जागा नव्हती. त्यांनी मूठ उघडली.

"चुकलं माझं," ते भिंतीला म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

तिने ते हलकं केलं नाही, जाऊ दे म्हणाली नाही. थोड्या वेळाने तिने शिडी पायाने सरकवून बाजूला केली. "खळ ओली आहे तोवर पट्टे सावकाश निघतील. वरून धरा, खाली ओढू नका, बाहेर घ्या. पहिला राहू दे. दुसरा काढा आणि डोकं खाली करून लावा. तिसरा आहे तसा सुलट. चौथा परत उलटा. म्हणजे काळी कड काळ्या कडेला येते."

चौतीस वर्षांत मास्तरांनी एका कपड्यातला एकही तुकडा उलटा कापला नव्हता. कारखान्यात एका पोराने एकदा तसं केलं तर त्यांनी त्याला सगळ्यांदेखत झाडलं होतं. त्यांनी दुसरा पट्टा काढला, फिरवला, डोकं खाली करून लावला.

दिवे लागेपर्यंत दोघं काम करत होती. ती एका हाताने ओळंबा धरायची, ते लावायचे. दाबू नका, ती म्हणायची. पातं बदला. तिथे हवा राहिलीय. प्रत्येक शब्द तुटक, कामापुरता. एकदा हवा काढायला कागदावरून रूळ फिरवताना त्यांचा कोपर तिच्या प्लास्टरला लागला, तेव्हा ती कळवळली, पण बाजूला सरली नाही. बायको दोनदा डोकावून गेली. मास्तरांशी ती त्या दिवशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

रविवारी कुणी आलं नाही. सकाळपासून मास्तर पुढच्या खोलीत, दाराकडे तोंड करून खुर्चीत बसून होते. दाढी केलेली, बाह्या दुमडलेल्या. दुपार उलटून गेली तरी ते उठले नाहीत.

मागून लेकीने हाक मारली.

भिंत वाळली होती. सांधे अजून दिसत होते, अशा कागदाचे ते दिसतातच, पण काळ्या रेघा मऊ झाल्या होत्या. लेकीच्या हातात हातोडी होती. कपडे अडकवायला इथे खुंटी हवी, म्हणाली, आणि तिने बोट ठेवलं ते नेमकं तिसऱ्या पट्ट्याच्या मधोमध, जिथे एकही धागा इकडचा तिकडे झाला नव्हता. मास्तरांच्या ओठावर काहीतरी आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"एका हाताने नाही जमणार," ती म्हणाली. "खिळा धरा."

त्यांनी खिळा चिमटीत धरून भिंतीला टेकवला. तिने हातोडी उचलली. पहिला घाव त्यांच्या नखाला घासून गेला.

"काढा आता हात," ती म्हणाली.

"अजून हलतोय," मास्तर म्हणाले, आणि चिमूट तशीच धरून उभे राहिले.

तिने त्यांच्या बोटांकडे पाहिलं, आणि पुन्हा हातोडी उचलली.