दहाव्या दिवसाचे पाच बारा

मित्रांनो, मी एक जुनी पोलीस गाडी आहे. मिनेसोटातल्या एका लहानशा गावात पोलीस ठाण्यामागे उभी असते. कारखान्यातून आले तेव्हा माझ्या दारांत आरशासारखा चेहरा दिसायचा. तपास अधिकारी मार्लिस हॉगन यांनी मला नऊ वर्षे चालवले.

तो दिवस आठवला की अजूनही इंजिन धडधडते! शाळेची बस चालवणारा वेंडेल सात महिने तुरुंगात होता. पेट्रोल पंपावरच्या बाईवर हल्ला केल्याचा आरोप होता. पण तिथे सापडलेल्या टोपीतला डीएनए त्याचा नव्हता. मार्लिसना ट्रकवाल्या कर्टिसचा संशय होता. न्यायाधीशबाईंनी त्याच्या गालाच्या आतून डीएनएचा नमुना घ्यायचे वॉरंट दिले. मुदत दहा दिवस, दहाव्या दिवशी सायंकाळी पाचपर्यंत. कर्टिस नऊ दिवस बाहेरगावी होता. दहाव्या दिवशी दुपारी तो परतल्याचे कळताच मी सुसाट निघाले. नेमका पुरामुळे पूल बंद! लांबच्या वाटेने पोहोचलो तेव्हा पाच वाजून बारा मिनिटे झाली होती.

कर्टिस ट्रकमध्ये सामान चढवत होता.

"बारा मिनिटांनी काय बिघडतंय? घे नमुना, कोण बघतंय?" मार्लिसचे जोडीदार पोलीस एल्मर पुटपुटले.

"त्याचा वकील बघेल ना! नमुना जाईल कचऱ्यात आणि वेंडेल राहील आत."

"मुदत संपली ना मॅडम? मग सरका," कर्टिस हसला आणि ट्रक घेऊन निघाला.

मोबाइलला रेंज नव्हती. माझा रेडिओ मात्र खणखणीत! ठाण्याने तो न्यायाधीशबाईंच्या फोनला जोडला. मार्लिसनी शपथ घेतली, सारे सांगितले.

"मुदत हुकली हेही सांगितलंस, बरं केलंस. आता शब्दन् शब्द लिहून घे," बाई म्हणाल्या.

माझ्या तापलेल्या बॉनेटवर कागद ठेवून मार्लिसनी नवे वॉरंट लिहिले. बाईंनी तिकडे आपल्या प्रतीवर सही केली, पाच छत्तीसला. मग काय विचारता! सायरन वाजवत मी रेल्वे फाटकापाशी ट्रक गाठला.

"हात धुवून मागे लागलात की!" कर्टिस ओरडला. पण तोंड उघडावेच लागले.

नमुना जुळला. त्याच्या वकिलाने पुष्कळ खटपट केली, पण कागदात बोट ठेवायला जागा सापडली नाही.

आता नव्या गाड्या आल्या, माझे टायर बसले. मित्रांनो, घाईतही नियम सांभाळा, आणि जुन्या यंत्रांना अधूनमधून तेलपाणी करा.

वेंडेल सुटला त्या दिवशी त्याला घरी मीच सोडले. तो सवयीने मागे, कैद्यांच्या जाळीआड बसायला गेला. मार्लिसनी पुढचे दार उघडले.

"पुढे बस रे, वेंडेल."