अडतीस सेकंदांचा चमत्कार

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या. प्रयोगशाळेतली माणसं भिंतीला टेकून, टाचा उंचावून बघत होती. मंचावर कपाटाएवढी काळी पेटी होती. तिच्या फटींतून निळा उजेड झिरपत होता आणि पांढरं धुकं जमिनीवर पसरत होतं.

"साहेब, कुणालाच ठाऊक नसेल असा शब्द मनात आणा," पांढऱ्या कोटातला पाहुणा म्हणाला. "माझ्या या कॉम्प्युटरवर त्या शब्दानं एक फाईल कुलूपबंद करा. मी पाठ फिरवतो."

संचालकांनी शब्द टाइप केला. पाहुण्यानं कॉम्प्युटरची तार पेटीला जोडली. पेटी घुमू लागली. अडतीस सेकंदांनी पडद्यावर अक्षरं उमटली: चिंगूताई.

संचालक मटकन खाली बसले. "माझ्या गेलेल्या बहिणीचं लाडकं नाव," ते पुटपुटले. "आता घरातसुद्धा कुणी घेत नाही."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"साधा कॉम्प्युटर एकेक किल्ली लावून बघतो," पाहुण्याला आता चेव आला. "माझी क्वांटम पेटी हजार विश्वांतल्या हजार किल्ल्या एकदम लावते! कण जागृत झाले की कुलूप आपणहून शरण येतं. उद्या असं यंत्र तुमच्या शत्रूच्या हाती पडलं तर? तारेल ती फक्त माझी दुसरी पेटी, रक्षापेटी. पण जुनी कुलुपं तेवढी काढून टाका. त्यांनी कण बिथरतात."

शेवटच्या रांगेत कुलूपबाई बसल्या होत्या. कंपनीच्या सर्व्हरची सुरक्षा त्यांच्याकडे होती, म्हणून हे टोपणनाव. कंपनी रक्त तपासून आनुवंशिक आजार ओळखायची. लाखो माणसांचे अहवाल सांभाळायची. एक रक्षापेटी 'चाचणीसाठी' तीन आठवड्यांपासून सर्व्हरच्या खोलीत होती. हात लावायचा नाही, असा वरून हुकूम होता. सोमवारी जुनी कुलुपंही निघणार होती.

आणि धास्ती खोटी नव्हती. आजची बरीच कुलुपं, म्हणजे माहिती सांकेतिक करून ठेवणारी गणितं, फोडू शकतील अशी यंत्रं घडवण्याची खटपट जगात खरोखरच चालू होती. बाईंनी दोन वर्षं टिपणं लिहिली होती: कुठे कोणतं कुलूप आहे त्याची यादी करा, नवी बसवायला घ्या. ती कुणी वाचली नाहीत. धुकं मात्र सगळ्यांना दिसलं.

त्या उठल्या. "एक विनंती. या खेपेला फाईल माझ्या कॉम्प्युटरवर कुलूपबंद करू. मग तीच फाईल तुमच्या पेटीला देऊ."

पाहुणा हसला. "ताई, शंकेखोर माणूस जवळ असला की कण विस्कटतात."

"मग माझ्या शंकेनं शत्रूच्या यंत्रातलेही विस्कटतील की! मला रक्षापेटीची गरजच काय?"

कुणीतरी फिसकन हसलं. संचालकांनी डोळे वटारले, पण क्षणभरानं मान हलवली. "होऊन जाऊ दे."

पेटी घुमली. अडतीस सेकंद गेले, दहा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. धुकंही विरलं. पडदा कोराच.

बाईंनी स्क्रू-ड्रायव्हर मागवला. पाहुणा आडवा आला, तेव्हा प्रयोगशाळेतल्या दोघींनी त्याला बाजूला केलं. पेटीत एक पंखा, निळे दिवे आणि धुकं करणाऱ्या कोरड्या बर्फाचा डबा. बाकी पोकळ. खरी करामत पाहुण्याच्या कॉम्प्युटरमध्ये होती. दाबलेलं प्रत्येक अक्षर तो गुपचूप टिपून ठेवायचा. संचालकांनी चिंगूताईचं नाव स्वतःच्याच बोटांनी सांगून टाकलं होतं.

लोक हसू लागले. बाई हसल्या नाहीत. त्या सर्व्हरच्या खोलीकडे धावल्या.

रक्षापेटीत मात्र पंखा नव्हता. होतं एक छोटं यंत्र. तारेतून ये-जा करणाऱ्या प्रत्येक अहवालाची नक्कल ते एकवीस दिवस बाहेर पाठवत होतं.

सुरक्षारक्षकांनी धरून ठेवलेला पाहुणा शांत होता. "कुलूपबंदच गेलंय ना सगळं, ताई? घेणाऱ्यांना घाई नाही. कुलूप फोडणारं यंत्र येईपर्यंत ते थांबतील."

संचालकांचा चेहरा उतरला. "परत आणता येईल?"

"नाही."

"पण कुलूप तर आहे ना त्याला?"

"आहे. आज आहे."

"किती वर्षं टिकेल?"

"नक्की तारीख सांगणारा भेटला, तर तोही असलाच भोंदू बाबा समजा."

बाई सभागृहात परतल्या. जे घडलं ते त्यांनी न लपवता सांगितलं. कुणी हसत नव्हतं.

"मग आम्ही करायचं काय?" प्रयोगशाळेतल्या एकीनं विचारलं.

"काल एका चार वर्षांच्या मुलीचा अहवाल आला," बाई म्हणाल्या. "तिचं गुपित साठ-सत्तर वर्षं टिकायला हवं. जे गेलं ते गेलं. ते तिच्या आईबापांना आपणच कळवायचं. जे उरलंय, त्याला नवी कुलुपं लावायची. नवी म्हणजे जगभरातल्या गणितज्ञांनी उघड्यावर तपासलेली, फोडायचा प्रयत्न करूनही न फुटलेली. काम कंटाळवाणं आहे. त्यात निळा उजेड नाही, धुकं नाही. आणि यापुढे कुणी म्हणालं की विश्वास ठेवा, आत बघू नका, तर त्याची पेटी आधी उघडा. मलासुद्धा हाच नियम लावा."

संचालकांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. "कुलुपांची यादी कुठून सुरू करायची?"