शंभरातले बारा

दादाला हृदयाचा झटका आला तेव्हा आम्ही दोघंच बेकरीत होतो. तो भट्टीतून पाव काढत होता, मी पीठ मळायच्या मशीनपाशी. धप्प आवाज आला म्हणून वळलो, तर माझा थोरला भाऊ ट्रेसकट आडवा. पुढचं सगळं धावपळीत झालं आणि तो वाचला. खरा घोळ त्यानंतर सुरू झाला.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी त्याचे रक्ताचे रिपोर्ट पुढ्यात घेतले. तपासण्या अगदी नेहमीच्याच, साध्या तापातही करायला सांगतात तशा. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, साखर, किडनीचं क्रिएटिनिन. ते आकडे, वय आणि रक्तदाब त्यांनी कॉम्प्युटरमध्ये घातला आणि म्हणाल्या, "अशा शंभर पेशंटपैकी साधारण बारा जणांना वर्षभरात पुन्हा मोठा त्रास होतो."

"मग हे त्या बारांतले का बाकीच्यांतले?" वहिनीने विचारलं.

"ते एकेका माणसाचं सांगता येत नाही."

वहिनी माझ्याकडे बघायला लागली, जसं काही मला सगळं कळलंय. मला काय कळणार, कपाळ. बारा म्हणजे थोडे म्हणावेत, तर शंभरातले बारा पाव करपले की दादा दिवसभर धुसफुसतो. जास्त म्हणावेत, तर उरलेले अठ्ठ्याऐंशी मार्क आमच्या घराण्यात आजवर कुणाला पडलेले नाहीत. नीट समजलं ते एवढंच, की त्याने सध्या वजन उचलायचं नाही.

"भाऊजी, तुम्हीही रक्त तपासून घ्या," घरी आल्यावर वहिनी म्हणाली. "एकाच आईची लेकरं तुम्ही." मी आढेवेढे घेतले, पण वहिनीपुढे कुणाचं चाललंय? रक्त दिलं आणि कामाला लागलो. रिपोर्ट घरी आला तो दादाच्याच हातात पडला.

मी मैद्याचा ट्रक उतरवून घेत होतो, तेव्हा तो रिपोर्ट घेऊन बेकरीत हजर झाला. पहिलं पोतं माझ्या खांद्यावर होतं.

"ठेव ते खाली. मी उचलतो."

"दादा, वेड लागलंय का? घरी जा."

"का जाऊ? हे बघ. साखर तुझी जास्त. पांढऱ्या पेशी तुझ्या जास्त. क्रिएटिनिनसुद्धा तुझंच जास्त. माझे बारा, तर तुझे वीस तरी झालेच की. तू उचलू शकतोस, मग मी का नाही?"

या हिशोबात कुठेतरी खोट आहे एवढं कळत होतं, पण नेमकी कुठे ते सापडेना. शेवटी पोतं उतरवून मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला, दादालाही ऐकू जाईल असा.

"तो हिशोब तुम्हाला लागूच होत नाही," त्या म्हणाल्या. "झटका येऊन गेलेल्या लोकांवरून तो बसवलाय. तुम्हाला कुठे झटका आलाय?"

"म्हणजे मी ठणठणीत?"

"असं मी म्हटलं नाही. साखर वाढलीय तुमची. येऊन दाखवा."

"म्हणजे मला धोका आहे?"

"तेही न तपासता कसं सांगू? आणि भावाला पोती उचलू देऊ नका."

फोन ठेवला. आजारी माणसाला आकडा होता, धडधाकट माणसाला आकडा नव्हता, आणि रक्त धडधाकट माणसाचंच जास्त वाईट होतं. माझं डोकं पार गरगरलं. तरी बाईंचं शेवटचं वाक्य हाताशी होतं, तेच मी त्याच्या तोंडावर फेकलं.

"ऐकलंस ना? आता हट्ट सोड. कुणाला मर्दुमकी दाखवायचीय तुला?"

मला वाटलं, चिडेल. एरवी नाकावर माशी बसू न देणारा माणूस. पण तो पोत्यांच्या थप्पीला टेकला आणि हळूच म्हणाला, "मला काय पोती उचलायची हौस आहे का रे? मी पडलो तेव्हा तू इथे होतास, म्हणून वाचलो. आता मी घरी बसायचं, आणि तू असलं रक्त घेऊन इथे एकट्याने राबायचं. तू पडलास तर बघायला कोण आहे?"

इतके दिवस मी त्याच्यासाठी घाबरत होतो, आणि हा माझ्यासाठी.

माल उतरवायचा की परत न्यायचा, असं ट्रकवाला बाहेरून विचारत होता. मी दादाकडे बघितलं, दादाने माझ्याकडे, आणि मी ओरडून सांगितलं, "उतरवा, पण पोती तुमच्या माणसांनीच उचलायची. आम्ही दोघं नुसती मोजतो."