दवाखान्याच्या दारात पॅन्सी

माकिरीच्या जनावरांच्या दवाखान्यात कुत्र्यांना पोहायला कोमट पाण्याचा तलाव होता, मांजरांना बसायला वेगळी खोली होती, सशांची नखं कापायला एक बाई होती, आणि अडलेल्या गाईसाठी कुणीही नव्हतं. हे नोएलीन स्टॅपल्सला कळलं ते ऑगस्टातल्या एका शनिवारी सकाळी, एका हातात फोन आणि दुसरा हात कोपरापर्यंत साबणाने माखलेला असताना.

समोर गोठ्यात पॅन्सी उभी होती. जर्सी कालवड, पहिलटकरीण. नवरा गेल्यावर नोएलीनने सगळी गुरं शेजारच्या पेटेराला विकली होती. ही एकच मागे ठेवली होती, कारण हिच्या पणजीची आई नोएलीनच्या बापाने तिला लग्नात दिली होती. त्या वंशातली आता एवढीच उरली होती. वासराचे पुढचे दोन पाय बाहेर आले होते, पण डोक्याचा पत्ता नव्हता. मान आत मागे वळली होती. पेटेराने दोनदा हात घालून पाहिला.

"आंटी, माझा हात पोचत नाही. हे आपल्या आवाक्यातलं नाही," तो म्हणाला. "डॉक्टर पाहिजे, आणि आत्ता पाहिजे. मी पाय ओढला की ते मागे ओढतंय. जिवंत आहे अजून."

फोनवरची मुलगी फार गोड बोलत होती. मोठ्या जनावरांचं काम आता शहरातल्या शाखेकडे गेलंय, तिथून डॉक्टर चारपर्यंत निघतील, असं तिने सांगितलं.

"चारपर्यंत माझी गाय मरेल, पोरी."

"तुम्हाला किती त्रास होत असेल, मी समजू शकते."

"डोंबल समजतेस! माकिरीत आज डॉक्टर आहे का नाही तेवढं सांग."

"डॉक्टर टेगन आहेत. पण त्या फार्मवर जात नाहीत. पेशंट आमच्याकडे आणावा लागतो."

"मग आणते," नोएलीन म्हणाली आणि फोन खिशात कोंबला.

पेटेराने गुरांचा ट्रेलर लावला. पॅन्सीला वर चढवताना तिचे गुडघे दोनदा दुमडले. रस्ताभर नोएलीनचं डोकं नुसतं भणाणलं होतं. हा दवाखाना काही आभाळातून पडला नव्हता. तिच्या बापाच्या पिढीने मंडळ काढलं, सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन जमले, भिंती उभारल्या आणि आपला डॉक्टर आपण नेमला. मागच्या अंगणातला, गुरं अडकवून ठेवायचा लोखंडी खोडा तिच्या नवऱ्याने, बॅरीने, स्वतः जोडला होता. त्या खोड्यात माकिरीतल्या किती गाई सुटल्या असतील याचा हिशेबच नाही. आणि गेल्या वर्षी वार्षिक सभेत दवाखाने विकत घेणाऱ्या एका कंपनीची माणसं पडद्यावर चित्रं दाखवायला आली. माकिरीत सभा म्हणजे बाईने एक ताटली खाऊ आणायचा, आणि मतदान म्हणजे चहाआधी उरकून टाकायचं काम. अध्यक्ष कॉलिन प्राऊटने हात वर करा म्हटलं तेव्हा गावातल्या झाडून सगळ्या बायका आत स्कोनच्या गोडसर पावांना लोणी लावत होत्या. ट्रे घेऊन बाहेर येईपर्यंत दवाखाना विकून झाला होता. पुरुषांनी चार-चार स्कोन हाणले आणि तलावाचं चित्र छान आहे म्हणाले. आयत्या बिळावर नागोबा येऊन बसतो हे खरं, पण इथे तर बिळवाल्यांनीच त्याला पाट मांडून दिला होता!

दवाखान्यासमोर फुगे लावले होते. तलावाचं उद्घाटन होतं. गाव लोटलं होतं, सॉसेज भाजल्याचा वास सुटला होता, आणि पाव-सॉसेज वाटायला स्वतः कॉलिन उभा होता. पेटेराने ट्रेलर थेट दारापर्यंत मागे घेतला. व्यवस्थापक ब्रायोनी, ऑकलंडहून बदलून आलेली, कंपनीचं जाकीट घालून धावत आली.

"इथे नाही लावता येणार! इथून आता कुत्र्यांची मिरवणूक निघायचीय."

"गाय अडलीय. डॉक्टरला बोलव."

"अहो, पण मोठं जनावर आवारात घेता येत नाही. आमच्या विम्यात बसत नाही ते. चारला शहरातून..."

"विमा काय वासराला वाचवणार आहे?" नोएलीन ओरडली. सॉसेजच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "हे आवार माझ्या बापाने खणलंय. तू बाजूला हो."

ब्रायोनी बाजूला झाली नाही. वरिष्ठांना विचारते म्हणाली. वरिष्ठ ऑकलंडात होते आणि शनिवार होता. ती फोनवर फोन लावत राहिली, नोएलीन तिच्यासमोर उभी राहून बोलत राहिली, आणि ट्रेलरमध्ये पॅन्सी कण्हत होती. त्या सगळ्या घोळात पाऊण तास गेला असेल. शेवटी पेटेरा सरळ काचेचं दार ढकलून आत गेला आणि मांजराला टोचत असलेल्या टेगनला म्हणाला, "डॉक्टर, बाहेर एक आई मरतेय."

टेगन कोवळी पोर होती, पण आली ती बाह्या वर सारतच. ब्रायोनी काहीतरी म्हणाली, तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पॅन्सीला मागच्या अंगणात नेलं. बॅरीच्या खोड्याचे दोन खांब तेवढे उरले होते, त्यांवर जाईचा वेल चढवला होता. पॅन्सीला त्यांनाच बांधलं. टेगनने हात आत घातला आणि चेहरा गंभीर केला.

"डोकं फिरवता येईल. पण ओढायला दोर पाहिजेत."

"मग आण की!"

"नाहीत," टेगन म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "दोर, साखळ्या, सगळं शहरात नेलं. मी नको म्हटलं होतं."

पेटेरा पळाला आणि आतल्या विक्रीच्या मांडणीवरून कुत्र्यांचे दोन लांब पट्टे ओढून घेऊन आला. गुलाबी होते, त्यांवर छोटी हाडं छापलेली. त्या पट्ट्यांनी वासराचे पाय बांधले. टेगनने खांद्यापर्यंत हात घालून, दात खाऊन, डोकं सरळ केलं. पेटेरा आणि नोएलीनने ओढलं.

वासरू बाहेर आलं. पाडी होती, आईसारख्याच बदामी रंगाची. टेगनने तिचं नाक पुसलं, फासळ्या चोळल्या, नाकात गवताची काडी घातली, पाण्याचा झोत मारला. किती वेळ ती थांबायलाच तयार नव्हती. मग थांबली.

"थोडं आधी मिळालं असतं तर..." ती म्हणाली, आणि पॅन्सीकडे वळली. "गाय वाचेल. गाईला काही होणार नाही."

नोएलीन चिखलात गुडघ्यांवर बसून राहिली. तिला रडायला येत नव्हतं. तिला कुणाच्या तरी थोबाडीत मारायची होती.

ब्रायोनी हळूच आली. तिचे डोळे खरोखरच भरले होते, आणि तेच नोएलीनला सगळ्यात असह्य झालं. तिच्या हातात पांढरा पुठ्ठ्याचा डबा होता.

"फार वाईट वाटलं. आम्ही आठवण म्हणून पावलाचा ठसा घेऊन देतो, मऊ मातीत. आज सगळ्यांना मोफत आहे. आणि आत निरोपाची खोली आहे. शांत असते. तिथे हवा तेवढा वेळ बसा."

"निरोपाची खोली?"

"हो. मेणबत्ती लावून देते."

नोएलीन उठली. "पेटेरा, मागचे पाय धर."

दोघांनी पाडी उचलली. काचेच्या दारातून, आत लावलेल्या गाण्याच्या गोड सुरांतून, चकचकीत फरशीवरून, खाली रक्त आणि पाणी ठिबकत. निरोपाच्या खोलीत पांढरं जाजम होतं. त्यावर त्यांनी तिला ठेवलं, आणि नोएलीन गमबुटांसकट कोचावर बसली. ब्रायोनी डबा धरून दारात उभी राहिली.

बाहेरच्या रांगेतले पुरुष एकेक करून आले. टोप्या काढून भिंतीला लागून उभे राहिले. कॉलिनच्या हातात अजून चिमटा होता.

"चुकलं आमचं, नोएलीन," तो म्हणाला.

मागच्या अंगणात पॅन्सी हंबरायला लागली होती. थांबत होती, कान देऊन ऐकत असावी, आणि पुन्हा हंबरत होती.

"मला कशाला सांगतोस?" नोएलीन म्हणाली. "ती बोलावतेय बघ लेकराला. जा, तिला सांग."

कॉलिन जागचा हलला नाही.