तीर्थाआधी मी

मी थर्मामीटर बोलतोय, आकडा पक्का झाला की टीं-टीं वाजणारा. शिरड शहापूरच्या पंचफुलाबाईंच्या देव्हाऱ्यात, निरांजनाशेजारी माझी जागा. तोंडात जाणारी वस्तू सोवळ्यात असावी, म्हणून त्यांनी मला तिथं ठेवलं.

औषधाच्या दुकानातून मला आणलं त्यांच्या सुनेनं, मोहिनीनं. बाईंचा उजवा गुडघा नांदेडला बदलला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, सकाळ-संध्याकाळ ताप बघून वहीत लिहा. रक्तातला सीआरपी, म्हणजे सुजेचा आकडा, उतरत गेला पाहिजे. उतरून पुन्हा चढला, तर नव्या सांध्यात जंतू शिरल्याची शंका.

बाईंचा नेम कडक. तीर्थाशिवाय तोंडात काही घालायचं नाही. दिवस उन्हाचे, देवालाही गार लागतं म्हणून तीर्थ माठातल्या पाण्याचं. दोन्ही वेळा तीर्थ घ्यायच्या आणि लगेच मला जिभेखाली धरायच्या. मला कळायचा तो फक्त जिभेचा गारवा.

"सत्त्याण्णव," मोहिनी वाचायची.

"नागनाथाची किरपा," बाई हात जोडायच्या.

तिसऱ्या आठवड्यात रिपोर्ट आला. अठरावर उतरलेला सीआरपी बासष्टवर गेला होता.

"मशीन चुकली आसंल," बाई म्हणाल्या. "वहीत एक दिस तरी ताप हाय का?"

मोहिनीनं गुडघ्याला हात लावला. "आत्याबाई, तव्यावानी तापून राहिलाय. अंगात कसकस न्हाई वाटत?"

"वाटती की. थंडीबी वाजती. पण हा न्हाई म्हणतो, मंग म्या काहून व्हय म्हणू?"

ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःच्या अंगापेक्षा त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

मोहिनीची नजर बाईंच्या ओल्या ओठांवर गेली, मग पळीवर. तिनं मला पुसून बाईंच्या काखेत ठेवलं. एकशे एक.

"देवाला गार पाजता पाजता तापच लपिवला की तुमी," ती म्हणाली. मग वहीत एकशे एक लिहिलं.

आता आम्ही नांदेडच्या दवाखान्यात आहोत. काल सुईनं गुडघ्यातलं पाणी काढलं. त्याचा रिपोर्ट आला की कळेल, नवा सांधा राहतो की काढावा लागतो.

सकाळी मोहिनीनं तीर्थाची बाटली पुढं केली. बाईंनी ती बाजूला सारली.

"आधी ह्याला. देव काय कुठं पळून जाऊन राहिला का."

मी जिभेखाली आहे. जीभ आज कोरडी आहे, आणि ऊन लागतेय. हे ऐकणाऱ्या बायांनो, तुमचा नेम मोडू नका. फक्त त्याच्याआधी मला वाजेपर्यंतचा वेळ द्या. बाईंनी डोळे मिटलेत. मला आता वाजायचं आहे.